कव्हरखालची गाडी घ्यावी का?

"पंधरा वर्षं जुनी, फक्त सहा हजार किलोमीटर रनिंग, कायम कव्हरखाली, पावसाचा थेंब बघितलेला नाही." अशी ओळ एखाद्या जाहिरातीत दिसली की गाडीवेड्या माणसाचं जे व्हायचं ते होतंच. आधी फोटो मोठे करून बघायचे, मग ड्रायव्हर सीटची बाहेरची कड चुरगळलीय का बघायचं, पेडलच्या रबरावरची नक्षी शाबूत आहे का, स्टिअरिंग कुठे घासून चमकतंय का, आणि सगळं कोरं करकरीत दिसलं की मनातल्या मनात गाडी आपल्या नावावर करून टाकायची. त्यात ती टर्बो नसलेली, आठ हजार आरपीएमपर्यंत ओरडणारी, हाताने गिअर टाकायची दोन दारांची गाडी असेल, जी आता जवळजवळ कुणी बनवतच नाही, तर मग विचारूच नका. मी हे इतक्यांदा केलंय की घरातले आता नुसता माझा चेहरा बघून "पुन्हा कुठली?" असं विचारतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत वाचायला नको. बहुतेक वेळा अशी गाडी घेऊ नये, आणि घ्यायचीच असेल तर ती कमी चाललीय म्हणून जास्तीचे पैसे तर अजिबात मोजू नयेत. अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतो.

कसंय ना, ओडोमीटर एकच गोष्ट मोजतो, चाकं किती फिरली. गाडीचं दुसरं वय मोजणारा काटा डॅशबोर्डवर कुठेच नसतो, पण ते वय वाढत असतं, इंजिन बंद असलं तरी, बॅटरी काढून ठेवली तरी. किलोमीटरने झिजतात ते धातूचे भाग, म्हणजे बेअरिंग, गिअर, ब्रेक डिस्क, बॉल जॉइंट, झालंच तर क्लच. आणि नुसत्या काळाने खराब होतं ते रबर, प्लॅस्टिक, गोंद, फोम, वायरींवरचं आवरण आणि गाडीत जेवढे म्हणून द्रव पदार्थ असतील ते सगळे. आता परफॉर्मन्स कार म्हटली की या दुसऱ्या यादीतल्या वस्तू साध्या गाडीपेक्षा जास्तच असतात, जास्त होज म्हणजे रबरी नळ्या, जास्त सील, जास्त रेडिएटर, इंजिनच्या गरम कोपऱ्यात दाटीवाटीने कोंबलेले प्लॅस्टिकचे क्लिप आणि कनेक्टर, जे पंधरा वर्षांनी हात लावला की बिस्किटासारखे तुटतात. म्हणजे चालवली नाही म्हणून जे वाचलं ते दिसतं, आणि ठेवून जे गेलं ते दिसत नाही, कारण ते सगळं आत असतं.

ऑइल सीलचंच घ्या. क्रँकशाफ्टच्या टोकाला जे सील असतं त्याची ओठासारखी पातळ कड फिरणाऱ्या शाफ्टला चिकटून असते आणि तिच्यावर ऑइलचा अगदी पातळ थर असतो, त्यावरच ती जगते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तो थर ओघळून जातो, कड सुकते, कडक होते, एकाच जागी बसून तिला तोच आकार पडतो. कपाटात घडी घालून ठेवलेली रेशमी साडी नेमकी घडीवरच विरते ना, तसंच हे. उभ्या गाडीखाली थेंब दिसत नाही कारण ऑइल तळाला बसलेलं असतं. तुम्ही गाडी घेता, पहिल्यांदा दोनशे-तीनशे किलोमीटरची मोठी फेरी मारता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर डाग. सील किरकोळ किमतीचं, पण तिथपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि एकदा उतरवला की मग क्लचही बघून घ्या, फ्लायव्हीलही बघून घ्या, असं ते प्रकरण वाढत जातं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, सीलबंद सिस्टीम असली तरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातून हळूहळू ओढतंच. नवीन डॉट ४ (ही ब्रेक ऑइलची एक नेहमीची प्रत) ऑइलचा उकळबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की प्रमाण म्हणून धरलेली मर्यादा १५५ अंशांवर येते. रोज बाजारात जायच्या गाडीला १५५ पुरतात. पण ही गाडी कशासाठी घेतलीत? घाटात उतारावर मनसोक्त ब्रेक मारले, आत ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट खाली जातं. ज्या कामासाठी गाडी बनलीय नेमकं तेच काम करताना ती दगा देणार. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं हे बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्यात किलोमीटरचा उल्लेख नसतो, पण "चालवलीच नाही तर बदलायचं कशाला" हा विचार इतका सहज येतो की चांगले शिकलेले, सगळं समजणारे मालकही त्यात फसतात.

टायरचं तर त्याहून वाईट, कारण ते दिसायला उत्तम असतात. नक्षी पूर्ण, कडेला बारीक रबरी केस अजून तसेच, विकणारा अभिमानाने सांगतो की कंपनीतून आलेले ओरिजिनल टायर आहेत. म्हणजे पंधरा वर्षांचे. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतर एक लांबलचक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे, २३११ असेल तर २०११ सालचा २३ वा आठवडा. बऱ्याचदा पूर्ण कोड टायरच्या आतल्या अंगाला असतो, तेव्हा गुडघे टेकून टॉर्च मारून वाचावा लागतो, पण वाचायचाच. सहा वर्षांनंतर टायरवर विश्वास ठेवू नका असं कित्येक गाडी कंपन्या सांगतात, आणि दहा वर्षं ही टायर कंपन्यांनी घातलेली शेवटची हद्द, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

हे उगाच घाबरवायला सांगत नाही. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटीचा अपघात झाला, त्यात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र रॉजर रोडास दोघेही गेले. तपासात मुख्य कारण वेग हेच निघालं, त्या रस्त्याच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट, पण त्याच अहवालात टायर नऊ वर्षांचे असल्याचीही नोंद होती आणि त्यामुळे गाडीवरचा ताबा कमी झाला असू शकतो असं म्हटलेलं. गाडी २००५ ची, व्ही १० इंजिन, घसरणारी गाडी आपोआप सावरणारा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नावाचा प्रकारच नाही. अशा गाडीत रस्त्याशी तुमचा संबंध म्हणजे तळहाताएवढे चार रबराचे तुकडे, आणि ते जर दगडासारखे कडक झालेले असतील तर गाडी कोरी असून काय उपयोग.

आता पाण्याबद्दल जरा थांबून बोलायचंय, कारण इथे जवळपास सगळ्यांचा गैरसमज असतो. "आम्ही दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो हो," हे वाक्य विकणारे फार कौतुकाने सांगतात आणि घेणारे तेवढ्याच कौतुकाने ऐकतात. पेट्रोल जळलं की त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळून पाणी होतं, आणि ते थोडंथोडकं नसतं, एक लिटर पेट्रोलामागे साधारण एक लिटर पाणी. गाडी गरम असेल तर ते वाफ होऊन मागच्या पाइपातून निघून जातं. पण पाच मिनिटांत काहीच गरम होत नाही. वाफ थंड सायलेन्सरमध्ये शिरते, तिथेच तिचं पाणी होतं, आणि सायलेन्सर आतून कुजायला लागतो. काही वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये जाते, थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं त्यातलं थोडं तेही धुऊन खाली येतं, आणि मग ऑइलची टोपी उघडली की आतल्या बाजूला पिवळट फेसाळ थर चिकटलेला दिसतो. कूलंटचा काटा मधोमध आला तरी ऑइल अजून कोमटच असतं, त्याला नीट तापायला रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं धावायला लागतं. म्हणजे दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करणाऱ्या माणसाने गाडीची सेवा केलेली नसते, दर रविवारी इंजिनात पाणी सोडलेलं असतं. त्यापेक्षा सरळ नीट झाकून, टाकी भरून, बॅटरीला चार्जर लावून सहा महिने हातच लावला नसता तर बरं. मला विचाराल तर विकणाऱ्याने "अजिबात स्टार्ट करत नाही" म्हटलं तर मी खुश होतो आणि "दर आठवड्याला स्टार्ट करतो" म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्या पडतात.

आणि याच हिशोबाने ते सहा हजार किलोमीटर बघा. पंधरा वर्षांत सहा हजार म्हणजे वर्षाला चारशे. ते एका दमात झालेले नसतात. कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं, पेट्रोल भरून आणणं, मित्राला दाखवून आणणं. जवळपास सगळे किलोमीटर थंड इंजिनाचे, आणि इंजिनाची सगळ्यात जास्त झीज तेव्हाच होते. मोठ्या रस्त्यावर तापून सलग धावलेले साठ हजार किलोमीटर आणि असे तुटक सहा हजार, यातलं इंजिनाला कुठलं मानवलं असेल याचं उत्तर मीटर देत नाही.

पोर्शेच्या १९९० च्या दशकाअखेरच्या बॉक्सस्टर आणि ९९६ या मॉडेलांमधल्या एम ९६ नावाच्या इंजिनाचं उदाहरण या बाबतीत सगळे देतात. त्यात इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग आहे, ते गेलं की इंजिन गेलं. या इंजिनांवर वर्षानुवर्षं काम करणारे मेकॅनिक सांगतात की रोज पळणाऱ्या आणि वेळेवर ऑइल बदललेल्या गाड्यांपेक्षा उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे दुखणं जास्त दिसतं. बीएमडब्ल्यूच्या ई ४६ एम ३ मध्ये सुरुवातीच्या काही वर्षांतल्या गाड्यांच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. जी गाडी रोज वापरात होती ती वर्कशॉपमध्ये गेली आणि काम झालं, जी कव्हरखाली होती तिचं काम झालंय का हे कागद बघितल्याशिवाय कळायचं नाही. तसंच ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने काळानुसार बिघडत जातं आणि फुटताना धातूचे तुकडे उडतात, म्हणून जगभरात कोट्यवधी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) बदलायची वेळ आली. इथे किलोमीटरचा काही संबंधच नाही, उभ्या गाडीतली एअरबॅगही म्हातारी होते. कमी चाललेल्या गाडीत असे राहून गेलेले रिकॉल, म्हणजे कंपनीने परत बोलावून करायची कामं, हमखास सापडतात, चॅसी नंबर टाकून आधी ते बघावं.

फेरारीवाल्यांना हे सगळं फार आधी कळलंय, कारण त्यांना त्याची बिलं आली. एफ ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्ट काही वर्षांनी बदलायचाच, गाडी चालो अथवा न चालो, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. नंतरच्या ३६० मोडेनात सीटमागचं पॅनेल काढून बेल्टपर्यंत हात पोचतो, आणि एफ ४३० पासून तर त्यांनी बेल्टच काढून चेन घातली. एफ ४० मध्ये पेट्रोलची टाकी म्हणजे रेसिंगच्या गाडीसारख्या रबरी पिशव्या, त्यांनाही मुदत असते, साधारण दहा वर्षं. एखाद्याने ती गाडी घेऊन नुसती बघत बसायचं ठरवलं तरी पिशव्यांना ते माहीत नसतं. आणि त्या काळातल्या फेरारीच्या आतली बटणं! त्यांच्यावर मऊ रबरी लेप असायचा, तो काही वर्षांनी विरघळतो आणि बटणं गुळासारखी चिकट होतात, बोटाला काळं लागतं. सहा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत चिकट बटणं बघितली की हसावं की रडावं कळत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी उगाच द्राक्षं आंबट म्हणतोय असं वाटेल.

कमी चाललेली गाडी ही बहुतेक वेळा न छेडलेली गाडी असते, आणि वेगवान गाड्यांच्या दुनियेत ही मोठीच गोष्ट आहे. सुप्रा, स्कायलाइन, इव्हो असल्या वेगवान जपानी गाड्यांपैकी कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात गेल्या की त्यांचा टर्बो बदलला गेला, वायरिंग कापलं गेलं, स्प्रिंगा कापल्या गेल्या, ट्रॅकवर रगडल्या गेल्या, कुठेतरी ठोकून पुन्हा रंगवल्या गेल्या. सांगाडा सरळ असलेली, कंपनीचा रंग असलेली, एकही भोक न पाडलेली गाडी मिळणं मुश्कील. बाकी सगळं बदलता येतं हो, सील, होज, टायर, बेल्ट, पैसे टाकले की नवीन. पण वाकडा झालेला सांगाडा, कंपनीतून आलेला रंग, सीटचं मूळ चामडं, गिअर टाकताना लागणारा तो नवेपणाचा घट्टपणा, हे परत आणता येत नाही. म्हणून ज्याला गाडीचं मूळ रूपच हवंय, त्याच्यासाठी कव्हरखालच्या गाडीला किंमत आहे हे मान्य. माझी तक्रार फक्त एवढीच की लोक हे रूप बघून पैसे देतात आणि समजतात की इंजिनसुद्धा तितकंच तरुण आहे.

आणि ठेवण्या-ठेवण्यात फरक असतो. अमेरिकेत तुल्सा शहरात १९५७ साली लोकांनी एक नवीकोरी प्लिमथ बेल्व्हेडिअर जमिनीखालच्या काँक्रीटच्या तळघरात पुरली, पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. अणुबॉम्ब पडला तरी टिकेल असं तळघर बांधलंय असं तेव्हा म्हणत होते. २००७ मध्ये उघडलं तर आत पाणी साचलेलं आणि गाडी गंजून, चिखलात माखून, ओळखू येणार नाही अशी. रनिंग म्हणाल तर नसल्यातच जमा, बरं का. गंमत म्हणजे त्याच गावाने १९९८ मध्ये प्लिमथ प्राउलर ही गाडी पुन्हा तशीच बंद करून ठेवलीय, २०४८ मध्ये उघडायला, यावेळी जमिनीच्या वर. दुसरं टोक म्हणजे नेब्रास्का राज्यातल्या पिअर्स गावची लँब्रेख्ट शेवरले एजन्सी. मालकाने न खपलेल्या नव्या गाड्या वर्षानुवर्षं विकल्याच नाहीत, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये पाचशेच्या आसपास गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा त्यातल्या कित्येकांचं मीटर एक-दोन आकड्यांत होतं. पण बऱ्याच गाड्या उघड्यावर झाडाझुडपांत, काही पडक्या छपराखाली. मीटरवर नवीन, हाताला भंगार.

मध्यंतरी एका मित्रासाठी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो, सोबत आमचा नेहमीचा मेकॅनिक. सहा सिलिंडरची, चंदेरी, दोन दारांची. मालक निवृत्त गृहस्थ, अतिशय सज्जन, कव्हर काढताना घडी जमिनीला लागू नये म्हणून जपत होते. मेकॅनिकने गाडीच्या सौंदर्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

"काका, आम्ही यायच्या आधी स्टार्ट केली होती का?"

"हो, म्हटलं तुम्हाला उगाच वाट बघायला नको."

यात काकांचा काही डाव असेल असं मला वाटत नाही, पण त्यामुळे थंड इंजिन चालू होतानाचा आवाज आणि पहिला धूर आम्हाला बघायला मिळाला नाही, आणि उभ्या गाडीची निम्मी परीक्षा त्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच असते. चेन किती वेळ खडखडते, टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) कधी गप्प होतात, निळा धूर येतो का, ऑइलचा दिवा किती वेळ राहतो. मग मेकॅनिक खाली सरकला, टॉर्चने सस्पेन्शनचे रबरी बुश बघत बसला, कंट्रोल आर्मच्या रबराला बारीक भेगा, ब्रेकच्या रबरी होज वाकवल्यावर भेगा उघडत होत्या. टायरवरचं साल गाडीच्याच वयाचं. पेट्रोलच्या झाकणापाशी नाक नेलं तर वॉर्निशसारखा वास, म्हणजे पेट्रोल कधीचं तरी. खोटं काहीच नव्हतं, सगळं जसं सांगितलं तसंच होतं, रनिंग खरं, रंग खरा.

मग काका आम्हाला फेरी मारायला घेऊन गेले, स्वतःच चालवत. आणि मला जे लक्षात राहिलं ते हे की त्यांची नजर रस्त्यापेक्षा मीटरवर जास्त जात होती. मित्र म्हणाला, "अजून थोडं पुढे जाऊया का?" तर ते म्हणाले, "इथूनच वळवू, नाहीतर आकडा बदलेल." पुढचं हजाराचं घर अगदी तोंडावर आलं होतं. ते त्यांना ओलांडायचं नव्हतं, जाहिरातीत तो आकडा लिहिलेला होता ना. इतक्या देखण्या गाडीचा मालक, आणि एका वळणाला इतका घाबरलेला. मित्राने गाडी घेतली नाही. पैशांचं जमलं नाही असं त्याने काकांना सांगितलं, खरं कारण काय हे मीही त्याला विचारलं नाही.

पण मी त्या आकड्याचा बराच विचार केला. कमी चाललेल्या गाडीला जो वरचा पैसा पडतो तो कशाचा असतो? आधीच्या माणसाने गाडी चालवली नाही त्याचा. तुम्ही ती चालवायला लागलात की तोच पैसा रोज थोडा थोडा जळायला लागतो. सहा हजारांची गाडी वीस हजारांवर गेली की ती नुसती एक जुनी चांगली गाडी होते, जी तुम्हाला आधीच वीस हजार चाललेली पुष्कळ स्वस्तात मिळाली असती, शिवाय मधल्या काळात कुणीतरी सील, होज, बेल्ट बदललेलीही. आणि चालवली नाही तर मग तुम्ही मालक नसून वॉचमन आहात, पुढच्या गिऱ्हाइकासाठी ती सांभाळताय, विमा, जागा, चार्जर, दर वर्षीचं ऑइल हे सगळं स्वतःच्या खिशातून करून. दोन्हीकडून कोंडी.

"पण भाव वाढतोच की," असं कुणीतरी म्हणणारच. वाढतो, काहींचा वाढतो. ब्युइकने १९८७ मध्ये जीएनएक्स नावाच्या फक्त ५४७ गाड्या केल्या, तेव्हाच लोकांनी त्या जपून ठेवायला सुरुवात केली आणि त्यांचं भलं झालं. पण १९७८ ची कॉर्व्हेट इंडी पेस कार (इंडियानापोलिस शर्यतीत सुरुवातीला पुढे धावणाऱ्या गाडीची प्रतिकृती) घ्या, काळी-चंदेरी, फार गाजावाजा झालेली. ६,५०२ गाड्या बनल्या, आणि घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ती न चालवता प्लॅस्टिकसकट ठेवून दिली, कारण पुढे ती दुर्मिळ होणार होती. पण सगळ्यांनीच ठेवली तर दुर्मिळ कशी होणार? इतकी वर्षं गेली तरी कमी चाललेल्या पेस कार बाजारात येतच असतात, आणि महागाई धरली तर ज्यांनी सुरुवातीला वरचढ भावाने घेतली त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. भाव वाढायला गाडी कमी चाललेली असून भागत नाही, तशा बाकीच्या गाड्या संपलेल्या असाव्या लागतात, आणि कुठल्या संपणार हे आधी कळत असतं तर आपण सगळेच गडगंज झालो असतो.

मग घ्यावी कधी? माझ्या मते एकाच प्रकारच्या माणसाने घ्यावी, ज्याला ती चालवायचीय आणि आकडा वाढला तरी पोटात गोळा येणार नाही त्याने. आणि एकाच प्रकारची घ्यावी, जिचं मीटर कमी पण फाईल जाड आहे. अशा गाड्या असतात, आणि त्या खरंच हिऱ्यासारख्या. महिन्यातून एकदा तरी तासभर पळवलेली, दर वर्षी ऑइल बदललेलं, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, बेल्ट तारखेप्रमाणे, टायर दोनदा तरी बदललेले, आणि प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर. या बिलांचा दुसरा फायदा म्हणजे मीटर खरं आहे का तेही त्यातून कळतं, कारण डिजिटल मीटरचा आकडा मागे नेणं काही अवघड राहिलेलं नाही, पण दहा वर्षांची बिलं एका सुरात खोटी बनवणं बरंच कटकटीचं आहे.

फाईल पातळ असेल आणि तरीही मन ऐकत नसेल (ऐकत नाहीच, मला माहितीय), तर एवढं धरून चाला की पहिल्या दिवसापासून खर्च आहे आणि तो किमतीतून वजा करून मागायचा. टायर, बॅटरी, सगळे द्रव, सगळे पट्टे, ब्रेक आणि पेट्रोलच्या होज, हे दिसायला चांगलं असलं तरी बदलायचं, त्यावर वाद घालायचा नाही. जुनं पेट्रोल उपसून काढायचं, इथेनॉल मिसळलेलं असेल तर टाकीच्या तळाशी पाणी वेगळं होऊन बसलेलं असू शकतं, तेही. कित्येक वर्षं स्टार्ट न झालेलं इंजिन असेल तर आल्या आल्या सेल्फ मारायचा नाही, आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, हाताने क्रँक फिरवून बघायचं, मग प्लग न लावताच सेल्फवर फिरवून ऑइलचं प्रेशर आणायचं आणि त्यानंतर स्टार्ट. पहिले हजार किलोमीटर गाडी नवी असल्यासारखी चालवायची आणि त्यानंतर ऑइल पुन्हा बदलायचं, कारण सुटलेली घाण पहिल्या ऑइलमध्ये येते. आणि या हजार किलोमीटरात काही ना काही गळेल, काहीतरी बंद पडेल, हे गृहीतच धरायचं, मागच्या मालकाने फसवलं म्हणून चिडायचं नाही. ती दुखणी आत होतीच, गाडी चालायला लागली म्हणून बाहेर आली.

बाकी सौदा करताना मी किंमत शेवटी विचारतो. आधी बेल्ट कधी बदलला, ब्रेक ऑइल कधी बदललं, टायर कुठल्या सालचे, एवढंच विचारतो आणि उत्तरापेक्षा सूर ऐकतो. तारीख सांगितली किंवा "थांबा, फाईल आणतो" म्हटलं तर मी निवांत खुर्चीत बसतो, चहा आला तरी चालतो. "अहो, गाडी चाललीच कुठे, बदलायचं कशाला?" असं उत्तर आलं तर टायर, होज, बेल्ट, सील, सगळ्याचं खर्चाचं पान मी तिथेच मनात मांडायला घेतो, आणि ते पान भरलं की मग किंमत विचारायची गरज बहुतेक वेळा उरत नाही.